गळका नळ

रात्रीची निजानीज झाली आहे. रस्त्यावरची वर्दळ थांबली आहे. घरातील दिवे मालवले आहेत आणि सर्वत्र सामसूम आहे. अशा वेळी स्वयंपाकघरातून एक बारीकसा आवाज येत राहतो : टप्... टप्... टप्. दिवसाच्या गडबडीत तो कोणाच्या कानी पडत नाही. रात्री मात्र तो झोप मोडतो. मग घरातील कोणी तरी अंथरुणातून उठते आणि नळ जोराने पिळते. आवाज क्षणभर थांबतो व पुन्हा सुरू होतो. 'सकाळी पाहू,' असे म्हणून ते माणूस झोपी जाते. सकाळी शाळा, कचेरी, बाजार यांच्या धांदलीत नळाची आठवण कोणालाच राहत नाही. असे दिवस जातात, महिने जातात. नळ गळतच राहतो.

थेंब तो केवढा आणि त्याची चिंता ती किती करावयाची, असे पुष्कळांना वाटते. परंतु 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण साठवणाऱ्याला जशी लागू पडते, तशीच ती सांडणाऱ्यालाही लागू पडते. याचा पडताळा पाहणे अगदी सोपे आहे. गळत्या नळाखाली एक पेला ठेवावा आणि घड्याळ पाहावे. दोनशे मिलिलिटरांचा तो पेला वीस मिनिटांत भरला असे समजू. म्हणजे तासाला तीन पेले, अर्थात सहाशे मिलिलिटर पाणी गळले. चोवीस तासांत हा आकडा १४.४ लिटर होतो, तीस दिवसांत ४३२ लिटर होतो आणि वर्षभरात ५,२५६ लिटरांवर जातो. खेड्यातील प्रत्येक माणसाला दररोज निदान ५५ लिटर पाणी घरच्या नळातून मिळावे, असे भारत सरकारच्या जल जीवन योजनेचे उद्दिष्ट आहे. त्या मापाने पाहिले, तर ज्याची कोणी दखलही घेतली नाही अशा एका नळाने एका माणसाचे तीन महिन्यांहून अधिक दिवसांचे पाणी मोरीत सोडले!

हे पाणी नळापर्यंत येते तरी कोठून? मुंबईचेच उदाहरण घ्या. मुंबई हे समुद्राने वेढलेले शहर. परंतु समुद्राचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही. जुन्या विहिरी व तळी वाढत्या वस्तीला पुरेनाशी झाली, तेव्हा १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आणण्यात आले. तेही अपुरे पडू लागले. मग १८९२ साली तानसा धरण पुरे झाले. १९५७ साली वैतरणा नदीवरचे धरण तयार झाले. महापालिकेचे नामांकित अभियंते मोडक यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला 'मोडकसागर' म्हणतात. पुढे भातसा आणि मध्य वैतरणा या धरणांची भर पडली. ज्या नळांतून हे पाणी येते, त्यांचा मार्ग शंभर किलोमीटरच्या आसपास लांब आहे. पांजरापूर व भांडुप येथे पाणी गाळून, निर्जंतुक करून मगच ते घरोघर पोहोचवले जाते. यासाठी वीज खर्च होते, औषधे खर्च होतात आणि शेकडो माणसे रात्रंदिवस राबतात.

या कथेला दुसरीही एक बाजू आहे. तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. तेथे पाऊस मुसळधार पडतो. तरीही त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि बायकामुलींना डोक्यावर हंडे घेऊन दूरवर जावे लागते, किंवा टँकरची वाट पाहत बसावे लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी ही स्थिती आहे. शहरातील नळातून जो थेंब वाया जातो, तो अशा मुलखातून आलेला असतो. म्हणून गळका नळ ही केवळ घरातील कटकट नव्हे, तो दुसऱ्याच्या तहानेचाही प्रश्न आहे.

आता नळ गळतो का, ते पाहू. साध्या नळाची रचना मोठी सुबक आहे. नळाच्या पोटात पितळेची एक गोल बैठक असते व तिला मधोमध भोक असते. पाणी या भोकातूनच वर येते. बैठकीच्या वर एक दांडा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला रबराची एक छोटी चकती बसवलेली असते. या चकतीला 'वॉशर' म्हणतात. बाजारात आणि कारागिरांच्या बोलण्यात तिचे नाव 'वायसर' असे आहे. पूर्वी ती चामड्याची असे. दांड्याला आटे असतात. आपण नळाची मूठ फिरवली, की आट्यांमुळे दांडा खाली उतरतो, वायसर बैठकीवर घट्ट दाबला जातो आणि पाण्याची वाट बंद होते. उलट फिरवले, की वायसर उचलला जातो आणि पाणी वाहू लागते.

रोजच्या वापराने वायसर झिजतो, कडक होतो किंवा त्याला चीर पडते. पाण्याबरोबर आलेला वाळूचा कणही त्याला कापतो. मग वायसर आणि बैठक यांमध्ये केसाएवढी फट राहते आणि तिच्यातून पाणी झिरपू लागते. अशा वेळी बहुतेक लोक नळ अधिकच जोराने पिळतात. त्यामुळे झिजलेला वायसर आणखी चिरडतो आणि गळती वाढते. बळाने होणारे हे काम नव्हे. वायसर बदलणे हाच त्यावर उपाय. त्यासाठी प्रथम घरातील पाण्याची मुख्य चावी बंद करतात, नळ उघडून आतील पाणी काढून टाकतात, पान्याने वरचा भाग सैल करून दांडा बाहेर काढतात, जुन्या वायसराच्या जागी नवा बसवतात आणि सर्व पूर्ववत जोडतात. जाणत्या हाताला या कामास फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. वायसराची किंमत तर अगदीच थोडी असते. हल्ली पुष्कळ नळांत रबराऐवजी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. असा नळ पाव फेरा फिरवताच बंद होतो आणि बराच काळ टिकतो. तो बिघडल्यास चकत्यांचा आतील संचच बदलावा लागतो.

एवढे सोपे आणि स्वस्त काम असूनही ते होत का नाही? या प्रश्नाचे उत्तर एका कलावंताने शोधून काढले. त्यांचे नाव आबिद सुरती. गुजराती व हिंदी भाषांतील लेखक, चित्रकार आणि व्यंगचित्रकार म्हणून ते प्रसिद्धीस आले. 'धर्मयुग' साप्ताहिकातील 'ढब्बूजी' आणि चित्रकथांतील 'बहादूर' ही त्यांनीच निर्माण केलेली पात्रे होत. सुरतींचे बालपण मुंबईच्या डोंगरी भागात गरिबीत गेले. पहाटे चारच्या सुमारास आई पाण्याच्या रांगेत उभी राही आणि एकेका बादलीसाठी तेथे भांडणे होत. ती आठवण त्यांच्या मनातून कधीच पुसली गेली नाही. पुढे वार्धक्यात, एका मित्राच्या घरी बसले असता त्यांना गळका नळ दिसला. तो आवाज त्यांना अस्वस्थ करू लागला. चौकशी करता असे कळले, की एवढ्याशा कामासाठी कारागीर येतच नाही!

येथेच खरी मेख होती. घरमालकाला थेंबाची किंमत वाटत नव्हती आणि कारागिराला थेंबाच्या कामात मिळकत दिसत नव्हती. काम दोघांच्याही लेखी क्षुल्लक होते, म्हणून ते कोणाचेच नव्हते. सुरतींनी ते आपले मानले. २००७ साली त्यांना एका हिंदी साहित्यसंस्थेकडून एक लाख रुपयांचा पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी कामास प्रारंभ केला. मुंबईनजीक मीरा रोड येथे ते राहत. दर रविवारी एक नळकारागीर व एक स्वयंसेविका बरोबर घेऊन ते एकेक इमारत गाठत, दारोदार जात आणि 'आपल्या घरी नळ गळतो काय?' असे नम्रपणे विचारत. गळत असल्यास कारागीर तो तेथल्या तेथे दुरुस्त करी. घरमालकाला एक पैसाही द्यावा लागत नसे. पहिल्याच वर्षी त्यांनी सोळाशेंहून अधिक घरांना भेटी दिल्या व चारशेंहून अधिक नळ दुरुस्त केले. ना मोठे यंत्र, ना मोठी संस्था. एक वृद्ध गृहस्थ, एक कारागीर आणि वायसरांची एक पिशवी! परंतु या कामाची कीर्ती देशभर पसरली.

नळकाम करणाऱ्या कारागिराला आपण 'प्लंबर' म्हणतो. या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम्' असे नाव आहे. प्राचीन रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत, म्हणून शिसेकाम करणारा तो प्लंबर. शिसे आरोग्याला घातक आहे असे पुढे कळून आले आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते वर्ज्य ठरले. नाव तेवढे राहिले. आपल्या देशातही ही विद्या जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात जमिनीखालून नहरींनी पाणी खेळवले होते, तर अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यातील हौदांपर्यंत आणले होते. पाणी आणणे हे तेव्हाच्या कारागिराचे कौशल्य होते. आजच्या कारागिराला त्याच्या जोडीला आणखी एक कौशल्य हवे, ते म्हणजे आणलेले पाणी राखणे.

ते कसे साधते? घरात सर्वांत अधिक पाणी ज्या ठिकाणी जाते, त्यांपैकी एक म्हणजे शौचालय. जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सोडले जाई. ऑस्ट्रेलिया हा कमी पावसाचा खंड आहे. तेथे १९८० साली ब्रूस थॉम्पसन यांनी कॅरोमा या कारखान्यासाठी दोन कळींची टाकी तयार केली. एक कळ दाबली तर पूर्ण पाणी सुटते आणि दुसरी दाबली तर निम्मे. पुढे या रचनेत सुधारणा होत गेल्या. आता सहा व तीन लिटरांच्या टाक्या आपल्याकडेही सर्वत्र मिळतात. पाच माणसांच्या घरात दिवसातून वीस वेळा टाकी वापरली जाते असे धरले, तर दहा लिटरांच्या टाकीला २०० लिटर पाणी लागते. दोन कळींच्या टाकीत पाच वेळा मोठी आणि पंधरा वेळा लहान कळ वापरली, तर ३० आणि ४५ मिळून ७५ लिटरांत काम भागते. वाचलेले १२५ लिटर म्हणजे चांगल्या मोठ्या बादल्यांनी मोजल्यास सहा बादल्या होत, आणि त्याही रोजच्या रोज! जुनी टाकी बदलणे परवडत नसेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टाकीत अशा बेताने ठेवावी, की आतील यंत्रणेला अडथळा होणार नाही. दर वेळी तेवढे पाणी आपोआप कमी भरते.

दुसरे साधन म्हणजे नळाच्या तोंडाशी बसवावयाची बारीक जाळी. साधा नळ पूर्ण उघडला, तर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज वाहून जाते. या जाळीमुळे पाण्यात हवा मिसळते, धार फेसाळ व भरदार वाटते. प्रत्यक्षात पाणी मात्र निम्मे किंवा त्याहूनही कमी लागते. हात धुणाराला फरक जाणवतही नाही. बादली भरावयाच्या नळाला मात्र ही जाळी बसवून उपयोग नाही, कारण बादलीला जेवढे पाणी लागते तेवढे लागणारच. कोणते साधन कोठे बसवावे आणि कोठे बसवू नये, हे सांगणे म्हणजेच कारागिराचे ज्ञान होय.

काही गळती डोळ्यांना दिसते, काही दिसत नाही. गच्चीवरच्या टाकीतील तरंगता गोळा नीट बसला नाही, की टाकी भरल्यावरही पाणी येतच राहते आणि भिंतीवरून वाहून जाते. शौचालयाच्या टाकीतील पाणी तर आवाज न करता झिरपते. ते ओळखण्याची एक युक्ती आहे. टाकीच्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळावा व पंधरा मिनिटे कोणीही कळ दाबू नये. तेवढ्या वेळात भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते असे समजावे. ज्या घराला पाण्याचा मीटर आहे व पाणी थेट नळाला येते, तेथे रात्री सर्व नळ बंद करून मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. सकाळी, पाणी वापरण्यापूर्वी, तो पुन्हा पाहावा. कोणीही पाणी घेतले नसता आकडा पुढे गेला असेल, तर कोठे तरी पाणी मुरते आहे हे निश्चित.

एकदा वापरलेले पाणीही टाकाऊ नसते. कोकणात न्हाणीघराच्या मागे अळू, केळी किंवा माड लावण्याची जुनी रीत आहे. न्हाणीचे पाणी आपसूक झाडांना जाते आणि घरात भाजी व फळे येतात. शहरांतील काही नव्या इमारतींत अंघोळीचे पाणी वेगळ्या नळाने नेऊन, शुद्ध करून शौचालयासाठी वापरतात. कल्पना तीच, साधने तेवढी नवी. मात्र असा नळ पिण्याच्या नळाशी कोठेही जोडला जाणार नाही, याची कारागिराने डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी लागते.

पाणी वाचले तर आपले काम कमी होईल, अशी भीती एखाद्या कारागिराला वाटेल. अनुभव मात्र निराळा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराला पाण्याची चणचण भासू लागली, तेव्हा नवे पाणी आणण्याचा अवाढव्य खर्च टाळण्यासाठी तेथील नगरशासनाने एक योजना आखली. जुनी, फार पाणी पिणारी शौचकूपे काढून सहा लिटरांची बसवणाऱ्या घरमालकांना पैसे देण्याचे ठरले. १९९४ ते १९९७ या काळात तेरा लाखांच्या आसपास शौचकूपे बदलण्यात आली. त्या इमारतींतील पाण्याचा वापर सुमारे तीस टक्क्यांनी घटला. शहराचे पाणी वाचले, घरमालकांचा पैसा वाचला आणि शहरातील नळकारागिरांना भरपूर काम मिळाले. पाणी वाचवणे हाही एक धंदा होऊ शकतो, आणि तो प्रामाणिकपणाचा धंदा आहे, हे यावरून दिसून आले.

तेव्हा या बाबतीत दोघांचीही काही कर्तव्ये आहेत. जेथे वायसराने भागते तेथे नवा नळ गळ्यात न बांधणे, लहान कामाला हलके न लेखणे आणि एका नळासाठी बोलावले असता घरातील बाकीचे नळ व टाक्याही तपासून देणे, हे कारागिराचे कर्तव्य. घरमालकाने काय करावे? 'नुसता वायसर तर बदलला!' असे म्हणून मजुरीत घासाघीस करू नये. वायसराची किंमत थोडी असते हे खरे. परंतु तो बसवणाऱ्या हातांचे कसब आणि त्यांनी खर्च केलेला वेळ यांचेही मोल असते. ते मोल ज्या घरातून मिळते, तेथे कारागीर पुन्हा आनंदाने येतो, काम लहान असले तरीही.

धरणे बांधणे हे अभियंत्यांचे आणि शासनाचे काम आहे. ते प्रत्येकाच्या हातचे नाही. गळत्या नळाकडे लक्ष देणे मात्र प्रत्येकाच्या हातचे आहे. रात्रीच्या शांततेत पुन्हा कधी 'टप्... टप्...' असा आवाज कानी आला, तर कूस बदलून झोपी जाऊ नये. उठावे, नळाखाली एक भांडे ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम ते करावे. सकाळपर्यंत भांड्यात साचलेले पाणी अंगणातील तुळशीला घालता येईल. परंतु पुढच्या रात्री ते भांडे कोरडेच राहिले पाहिजे.

स्वाध्याय

१. नळ गळू लागला असता तो जोराने पिळल्याने गळती का वाढते?

२. 'काम दोघांच्याही लेखी क्षुल्लक होते, म्हणून ते कोणाचेच नव्हते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. बादली भरावयाच्या नळाला बारीक जाळी बसवून उपयोग का होत नाही?

४. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' हे वचन लेखात कोणत्या संदर्भात आले आहे? अशाच अर्थाची दुसरी म्हण माहीत असल्यास लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालणे, गळ्यात बांधणे, हलके लेखणे, दखल घेणे.

६. घरातील किंवा शाळेतील एखाद्या गळत्या नळाखाली पेला ठेवून तो किती वेळात भरतो ते पाहा. त्यावरून एका महिन्यात किती पाणी वाया जाईल, याचे गणित मांडा आणि ते वडीलधाऱ्यांना दाखवा.